मूल होऊ देण्यापूर्वी आणि गरोदरपणात घरच्या घरी शरीर बळकट कसे ठेवावे?

निशिगंध
माझे वय ३२ आहे आणि दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत बसून काम करण्यात जातात. आणखी सहा महिन्यांनी मूल होऊ द्यायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. त्याआधी पोट, दंड आणि मांड्या यांना थोडा घट्टपणा यावा, म्हणजे ज्याला सगळे ‘टोनिंग’ म्हणतात ते व्हावे, अशी माझी इच्छा आहे. व्यायामशाळेत जाणे जमणार नाही. घरात एक चटई आणि भरपूर हौस एवढेच साहित्य आहे. गेल्या आठवड्यात एक व्हिडिओ पाहून मी रोज शंभर क्रंचेस (पाठीवर झोपून डोके-खांदे वर उचलण्याचा पोटाचा व्यायाम) सुरू केले. पोटाला त्याचा पत्ताच लागला नाही, मान मात्र आखडून बसली.

माझे प्रश्न दोन आहेत. या सहा महिन्यांत घरी नेमके काय करावे, आणि दिवस राहिल्यावर त्यातले काय चालू ठेवावे व काय सोडावे? एक मैत्रीण म्हणते की पहिले तीन महिने काहीही करू नये, दुसरी नवव्या महिन्यापर्यंत पळत होती. दोघींची बाळंतपणे सुखरूप झाली, त्यामुळे माझा गोंधळ अधिकच वाढला आहे.

चष्मेबद्दूर
शंभर क्रंचेसनंतर मान दुखते, याचा अर्थ मानेचा व्यायाम उत्तम झाला आहे. तेवढा एक अवयव यादीतून खोडून टाकावा.

रानजाई
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ‘टोनिंग’ नावाची वेगळी क्रिया शरीरात होत नाही. स्नायू बळकट होतात आणि त्यांच्यावरचा चरबीचा थर कमी होतो. या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्या की आपण त्याला घट्टपणा म्हणतो. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी उतरेल असे होत नाही, कारण चरबी कुठून आधी उतरवायची हे शरीर आपल्याला विचारून ठरवत नाही.

तेव्हा निशिगंध, आपला प्रश्न मी जरा फिरवून मांडते. पुढच्या वर्षी या शरीराला काय काय उचलावे लागणार आहे? पोट पुढे येईल तसा शरीराचा तोल पुढे सरकतो, कंबरेचा बाक वाढतो आणि पाठ, नितंब व पोटऱ्यांवर अधिक भार येतो. रक्ताचे प्रमाण हळूहळू ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाला तेवढे अधिक काम करावे लागते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते आणि तिच्यावर महिनोन्‌महिने वजन पडत राहते. हे सारे ज्यांच्या जिवावर चालणार, ते स्नायू आताच कामाला लावावेत. सपाट पोट दिसायला छान असले, तरी यातले काहीही ते उचलत नाही.

घरी करण्यासारखे म्हणाल तर खुर्चीपासून सुरुवात करावी. हातांचा आधार न घेता सावकाश उठावे आणि त्याहून सावकाश बसावे. बसताना शेवटच्या चार बोटांच्या अंतरात आपण सगळेच धपकन पडतो, नेमके तिथेच थांबून उतरावे. दंड आणि छातीसाठी भिंतीला हात टेकून जोर काढावेत, ते सोपे वाटू लागले की टेबलाच्या कडेवर यावे. पाठीवर झोपून गुडघे मुडपून नितंब वर उचलणे, आणि हातगुडघ्यांवर येऊन उजवा हात व डावा पाय एकाच वेळी ताठ करणे, हे दोन प्रकार पाठीसाठी चांगले. पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या हातांत घेऊन, कंबर न वाकवता खुब्यातून पुढे झुकावे आणि कोपरे मागे ओढावीत. हे आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. उरलेल्या दिवशी भरभर चालावे. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, ही सवय आत्ताच लावून घ्यावी, कारण पुढे तीच सर्वांत उपयोगी पडते.

वाटसरू
रानजाईंचा प्रतिसाद उत्तम आहे. व्यायामाच्या उत्साहात एक गोष्ट मागे पडू नये म्हणून लिहितो: मूल होऊ देण्याचा प्रयत्न सुरू करण्यापूर्वी किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याचा सल्ला दिला जातो. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मणका घडतो, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली की काय, याचा विचार करण्यातच त्यातले बरेच दिवस संपलेले असतात. रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्ती आहे की नाही हेही आताच तपासून घ्यावे, कारण ती लस गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर थांबावे लागते.

अर्धविराम
मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. माझे पहिले गरोदरपण नवव्या आठवड्यात संपले. मी तोपर्यंत रोज सकाळी अर्धा तास व्यायाम करत होते आणि त्या आठवड्यात घराचे सामान हलवताना दोन-तीन वेळा जास्त जिने चढले होते. नंतर कितीतरी महिने मी ते जिने मोजत होते. जवळच्या माणसांनी उघडपणे दोष दिला नाही, पण ‘जरा जपायला हवे होते’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडले की ते मलाच खरे वाटू लागले.

दुसऱ्या वेळी पहिले तीन महिने मी घरातल्या घरात चालण्यापलीकडे काही केले नाही. बाळ सुखरूप झाले. ते विश्रांतीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पण माझे मन शांत राहिले, आणि त्यालाही काही किंमत असावी. त्यामुळे ‘काहीच करू नये’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला एकदम अडाणी ठरवू नये, एवढेच सांगायचे होते.

रानजाई
अर्धविराम, आपण हे इथे लिहिलेत याबद्दल आभार. सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि तो बहुतेक वेळा गर्भधारणेच्या क्षणीच ठरून गेलेला असतो. गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात मध्यम व्यायामामुळे गर्भपात वाढत असल्याचे आढळलेले नाही. ते जिने मोजणे आता थांबवावे, असे एक परकी बाई आपल्याला सांगते आहे.

आणि हेही मान्य करते की पहिल्या तिमाहीत मळमळ व थकव्याने उठवत नसेल, तर न उठणे हा गुन्हा नाही. त्या काळात पूर्वी कमावलेले टिकले तरी पुष्कळ झाले.

चालताबोलता
मी पळणारी आहे, म्हणजे होते. माझ्या मनगटावरचे घड्याळ नाडी १४० च्या वर गेली की ओरडावे, अशी सोय मी करून ठेवली होती, कारण १४० च्या पुढे बाळाला धोका असतो असे मला ठामपणे सांगण्यात आले होते. पाचव्या महिन्यात ते घड्याळ जिना चढतानाही ओरडू लागले. मी घाबरून चालणेच बंद केले. पुढे माझ्या डॉक्टरांनी सांगितले की हा आकडा अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये दिला होता आणि १९९४ मध्ये त्यांनीच तो सोडून दिला. गरोदरपणात विश्रांतीच्या वेळची नाडीदेखील मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी वाढलेली असते, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. त्याऐवजी व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही कसोटी त्यांनी सुचवली.

चष्मेबद्दूर
मला एरवी स्वस्थ बसूनही गाणे म्हणता येत नाही. माझा व्यायाम चोवीस तास चालू आहे असे समजावे काय?

घड्याळजी
या धाग्यावर नवरे मंडळींनी गप्प बसावे असा संकेत असल्यास माफ करावे. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे ‘आधीचे सहा महिने’ हे दोघांचेही असतात. आम्ही दोघांनी एकाच वेळी व्यायाम सुरू केला, मी धूम्रपान सोडले आणि मांडीवर तापलेला लॅपटॉप घेऊन बसण्याची सवयही मोडली. आता मुलगी दीड वर्षाची आहे. पत्नीचे पोट केव्हाच जागेवर गेले, माझ्या पोटाने मात्र कोणतीही सूचना ऐकलेली नाही.

संथवाहिनी
माझ्या अनुभवातून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंविषयी लिहिते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये या व्यायामाविषयी लिहिले, म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले. ऐकायला तो इतका सोपा वाटतो की चुकीचा होत असेल अशी शंकाही येत नाही. मी चार महिने तो नेमका उलटा करत होते. आत आणि वर ओढण्याऐवजी मी खाली जोर देत होते, शिवाय श्वास कोंडून. शिंकताना थेंब गळू लागले तेव्हा तपासणी झाली आणि हे उघडकीला आले.

मला जे शिकवले गेले ते असे: वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखायची आहेत अशी कल्पना करावी, आणि श्वास सोडता सोडता तो भाग हलकेच वर घ्यावा. मांड्या, नितंब आणि जबडा सैल राहिले पाहिजेत. (जबड्याचे ऐकून मला हसू आले होते, आरशात पाहिले तर मी खरोखर दात आवळले होते.) काही सेकंद धरून मग तितकाच वेळ पूर्ण सोडावे. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवण्याची सवय लावू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामे होत नाही. आणि सोडणे हा अर्धा व्यायाम आहे, कारण बाळ बाहेर येताना हे स्नायू सैल व्हावे लागतात.

मधुमालती
सातव्या महिन्यात मी पलंगावरून सरळ उठून बसत असताना पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर, एक उभी धार वर आलेली दिसली. एखाद्या तंबूच्या कण्यासारखी. मला वाटले की बाळाने पाठ वळवली असेल. ती दर वेळी उठताना दिसू लागली तेव्हा विचारले आणि कळले की पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीपासून बाजूला सरकतात आणि जोर लावला की मधला भाग असा फुगतो. गरोदरपणाच्या अखेरीस हे कमीअधिक प्रमाणात जवळजवळ सगळ्याच स्त्रियांत होते, असेही कळले. त्या दिवसापासून मी कुशीवर वळून, हाताने रेटा देत उठू लागले. मी तोपर्यंत ज्या व्हिडिओंवर विसंबून होते, त्यांत दोन्ही पाय एकदम वर उचलण्याचा प्रकार सातव्या महिन्यासाठीही दाखवला होता. तो करताना तीच धार यायची, हे माझ्या नंतर लक्षात आले.

काटेकोर
एक आक्षेप नोंदवतो. रानजाई यांनी पाठीवर झोपून नितंब उचलण्याचा व्यायाम सुचवला आहे. गरोदर स्त्रीने पाठीवर झोपूच नये, असे सर्वत्र वाचायला मिळते. हे परस्परविरोधी नाही काय?

रानजाई
काटेकोर, तो व्यायाम मी दिवस राहण्यापूर्वीच्या सहा महिन्यांसाठी लिहिला होता, पण आपला आक्षेप उपयोगी आहे. साधारण २० आठवड्यांनंतर पाठीवर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो आणि काहींना घेरी येते. म्हणून त्या टप्प्यानंतर उताणे पडून करण्याचे व्यायाम टाळावेत. नितंबांसाठी उभ्याने भिंतीला धरून पाय मागे नेणे, किंवा कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणे हे पर्याय आहेत. रात्री झोपेत चुकून पाठीवर वळले तर काय, असा प्रश्न पुढे येणारच, म्हणून सांगते: जाग आल्यावर कुशीवर वळावे, रात्रभर पहारा देऊ नये.

मधुमालतींनी सांगितलेली ती धार ही उत्तम खूण आहे. कोणत्याही व्यायामात ती दिसली, तर तो प्रकार सोपा करावा किंवा सोडावा. एका पायावर तोल धरण्याच्या प्रकारांत माकडहाडाजवळ किंवा ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या जोडावर कळ येत असेल, तर तेही दोन पायांवर आणावेत. गरम खोलीत करण्याचे योगवर्ग, पोटावर आपटण्याची शक्यता असलेले खेळ आणि स्कूबा डायव्हिंग मात्र पूर्णपणे वर्ज्य.

ओलीसावली
इथे सगळ्या सुदैवी स्त्रिया लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजूही यावी. मला २७ व्या आठवड्यात वार (गर्भाला पोसणारा, नाळेने जोडलेला अवयव) खाली असल्याचे सांगण्यात आले आणि व्यायाम त्या दिवशीच बंद झाला. मी तोपर्यंत या धाग्यात लिहिलेले जवळपास सगळे करत होते. पहिला आठवडा मी नुसती रडले, कारण ‘सक्रिय गरोदरपण’ हा शब्द मी जरा अभिमानाने मिरवत होते. पूर्ण अंथरुणाला खिळून राहण्यास मात्र डॉक्टरांनी नकार दिला. नुसते पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, असे त्यांनी सांगितले. मग त्यांच्या परवानगीने घोटे फिरवणे, घरात हलके चालणे आणि खोल श्वसन एवढेच उरले.

गर्भाशयाचे तोंड कमकुवत असणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबाचा गंभीर विकार, वेळेआधी कळा येणे, पाणी जाणे, तीव्र रक्तक्षय आणि काही हृदयविकार व फुप्फुसविकार यांतही व्यायामाला मनाई असते किंवा तो फार बेताने करावा लागतो. ज्यांना कोणतीही मनाई नाही, त्यांनीही अंगावरून रक्त जाणे, पाण्याची धार लागणे, नियमित दुखऱ्या कळा, श्रम करण्यापूर्वीच दम लागणे, छातीत दुखणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी किंवा एकाच पोटरीत दुखून सूज येणे यांपैकी काहीही दिसले तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे. आजचे एवढे संपवते आणि मग थांबते, असे करू नये.

वाटसरू
ओलीसावली, हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीलाच असायला हवा होता.

चालताबोलता
सहमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे म्हटले आहे, पण ते मनाई नसलेल्या गरोदर स्त्रियांसाठी. पुढचा अर्धा भाग वगळून आकडा तेवढा पसरतो. ज्यांना सवय नाही त्यांनी १०-१५ मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते.

अर्धविराम
वजनाविषयी कोणी लिहिले नाही. माझ्या दुसऱ्या गरोदरपणात १४ किलो वाढले आणि मला अपराधी वाटत राहिले. नंतर कळले की आधीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) १८.५ ते २४.९ असेल, तर साडेअकरा ते १६ किलो वाढ अपेक्षितच असते, आणि आधीचे वजन जास्त असेल तर ती मर्यादा खाली येते. हे आधी माहीत असते तर नऊ महिने वजनकाट्याशी वैर धरले नसते. गरोदरपण हा वजन उतरवण्याचा काळ नाही. ते करायचे असेल, तर निशिगंध यांच्याकडे आता जे सहा महिने आहेत, त्यांतच आणि सावकाश करावे. इतके कडकही नको की पाळीच अनियमित व्हावी.

काटेकोर
मूळ प्रश्न पोट, दंड आणि मांड्यांच्या घट्टपणाचा होता. धागालेखिका कुठे आहेत?

निशिगंध
(तेरा महिन्यांनंतर धागा वर काढत आहे.)
मी इथेच आहे. ३१ वा आठवडा चालू आहे आणि डॉक्टरांनी कोणतीही मनाई केलेली नाही.

काटेकोर यांनी विचारले म्हणून प्रांजळपणे सांगते. सहा महिन्यांत दंड आणि मांड्या खरोखर घट्ट झाल्या, पोट फारसे नाही. क्रंचेस मी रानजाईंचा प्रतिसाद वाचला त्याच दिवशी सोडले. खुर्चीतून उठण्याचे दहा-दहाचे तीन फेरे, भिंतीवरचे आणि नंतर टेबलावरचे जोर, बाटल्या ओढणे आणि चालणे, एवढेच केले. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक दिवस बुडत असे, तो बुडू दिला. फॉलिक आम्ल वाटसरूंनी सांगितले म्हणून वेळेत सुरू झाले.

दिवस राहिल्यावर सहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत मी जवळजवळ काहीही केले नाही, कारण चटईचा वास आला तरी मळमळत असे. त्या दिवसांत अर्धविराम यांचा प्रतिसाद मी अनेकदा उघडून वाचला. चौथ्या महिन्यात पुन्हा खुर्चीपाशी गेले तेव्हा पाचव्या उठण्यालाच दम लागला, पण पंधरवड्यात लय परत आली. आता खुर्चीवर एक जाड उशी ठेवते, पाय थोडे अधिक फाकवते आणि आठ वेळा उठते. बाटल्या अर्ध्याच भरलेल्या असतात. ती मधली धार मला २८ व्या आठवड्यात टेबलावरचे जोर काढताना दिसली, म्हणून मी पुन्हा भिंतीकडे आले. भिंतीवर माझ्या तळव्यांचे दोन मळकट ठसे उमटले आहेत आणि पतिराज ते पुसू देत नाहीत.

एक प्रश्न उरला आहे. कुशीवर झोपून गुडघा उघडताना खालच्या खुब्यावर दाब येतो आणि तो दुखतो. काय करावे?

रानजाई
पोटाखाली आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये एकेक उशी घ्यावी आणि खालचा खुबा जाड घडीवर टेकवावा. तरीही दुखल्यास उभ्यानेच करावे. ठसे पुसू नयेत.

चष्मेबद्दूर
अभिनंदन! मानेचे काय झाले, ते कोणीच विचारले नाही.

निशिगंध
मान उत्तम आहे. आता फक्त शिंकताना दात आवळले जातात का, ते आरशात पाहायचे राहिले आहे.